गोजिरीची बाई

१२ फेब्रुवारी १९७८, रविवार

पांढऱ्या साड्या मिळाल्या — दोन! निळा काठ. आईनं घडी मोडू दिली नाही. आधी भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवल्या. शेजारच्या लंकाबाईंना हाक मारून म्हणाली, "आमची चांगुणा नर्स झाली बरं का!"

मी नर्स नाही झाले. नर्सिंगला दोनदा अर्ज केला, दोनदा इंग्रजीनं पाडलं. मी गोजिरीची बाई झाले. गोजिरी म्हणजे तान्ह्या बाळांची दुधाची पावडर, डब्यातली. गावोगाव जायचं, बायका गोळा करायच्या आणि गोजिरीबद्दल बोलायचं. पण साडी नर्ससारखीच दिली आहे. मुद्दामच दिली असणार. आईला हे सांगवलं नाही.

बिल्ल्यावर "सिस्टर चारू" लिहिलंय. कंपनीचे रेगे साहेब म्हणाले, "चांगुणा जरा जुनं वाटतं हो." मी हो म्हटलं. दोन वर्षं घरात बसून, औष्णिक केंद्राची राख खिडकीवरून पुसत काढली की माणूस नावालाही हो म्हणतं.

२० फेब्रुवारी

नाशकात मेन रोडवरच्या ऑफिसात पाठांतर. रेगे साहेब मुंबईचे. पस्तिशीचे असतील. आवाज कधी चढत नाही. चहाचा कप स्वतः हातात देतात.

त्यांनी मला दोन भाषणं दिली. एकाला ते "काळजाचं" म्हणतात, दुसऱ्याला "कामाचं".

काळजाचं असं — बायांनो, तुमचं बाळ रडतं का? रडतं म्हणजे भुकेलंय. भुकेलंय म्हणजे तुमचं दूध त्याला पुरत नाही. यात तुमचा दोष नाही. पण कळल्यावरही तुम्ही गप्प बसलात, तर — आणि इथे थांबायचं. थांबायचंसुद्धा कागदावर लिहिलंय! "दोन श्वास." मग डबा वर धरायचा. "माया आईची, वाढ गोजिरीची."

कामाचं साधं. चार सपाट चमचे, एक बाटली उकळलेलं पाणी. बाटली दर खेपेला उकळून घ्यायची. उरलेलं टाकून द्यायचं.

मी विचारलं, "साहेब, यातलं कुठलं म्हणायचं?"

"दोन्ही. कळवणला कामाचं, वणीला काळजाचं. मग बघू, बायकांच्या मनात गोजिरी कशानं बसते."

मला मजा वाटली. शाळेतला प्रयोग असल्यासारखी.

२६ फेब्रुवारी

भिमीच्या पोरीचं नाव ठेवलं — सुजाता. भिमी माझ्या पाठची. पहिलं बाळंतपण म्हणून इथे एकलहऱ्याला आमच्या क्वार्टरमध्येच आली होती. पोरगी पाच आठवड्यांची, हातात घेतली की भरल्यासारखी लागते. केस पार कपाळावर! माझी करंगळी धरली की सोडत नाही.

भिमी कमी बोलते. लहानपणापासून तशीच. माझ्यापुढे तर नाहीच — मी बोलते, ती ऐकते. पुढच्या आठवड्यात वणीला सासरी जाईल. तिचा नवरा सावळीराम तिथे द्राक्षबागेत कामाला आहे. तीही जाते मजुरीला.

८ मार्च

कळवण. फजिती!

शाळेच्या ओट्यावर तीसेक बायका. मी कामाचं भाषण सुरू केलं. चमचा दाखवला, सुरीच्या पाठीनं सपाट कसा करायचा ते दाखवलं. चेहरे दगडाचे. सखुबाई नावाची एक बाई, कांद्याच्या वावरातून तशीच आलेली, मधेच म्हणाली, "बाटली किती बार उकळायची म्हनली?"

दर खेपेला.

"म्हंजी दिसातून सहा बार?"

हो.

"मंग मी कांदे कवा काढू, बाई?"

सगळ्या हसल्या. हसत हसत उठल्याच. ओटा निम्मा रिकामा.

उरलेल्यांकडून साहेबांचा छापील कागद भरून घ्यायचा होता — गोजिरीबद्दल तुम्हाला काय वाटतं? "चांगली असंल." "डाक्टरला इचारू." "डबा हाय, त्याच्याबद्दल काय वाटायचंय?"

येताना बसमध्ये एकच विचार. साहेबांनी काढून टाकलं तर? आईनं सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलंय.

१४ मार्च

वणी. बाजाराचा दिवस. समाजमंदिराच्या सावलीत साठ-सत्तर बायका! भिमी पहिल्या रांगेत, सुजाता मांडीवर.

काळजाचं भाषण. पहिल्या वाक्यालाच सभा गप्प. "तुमचं बाळ रडतं का?" म्हटलं आणि माना हलायला लागल्या. कुणाचं रडत नाही? "पण कळल्यावरही तुम्ही गप्प बसलात, तर —" मी थांबले. दोन श्वास. तेवढ्यात सुजाता रडली.

सगळ्या बायका वळून भिमीकडे बघायला लागल्या. भिमीनं मान खाली घातली. पदराखाली घ्यायला लागली तिला, मग हात थांबला.

मी थांबले नाही. खरं लिहायचं तर — इथे खोटं लिहून काय करू — माझ्या मनात आलं, बरोबर वेळेला रडली!

डबे संपले. कागदावरची उत्तरं वाचून साहेब खूश होतील. "आपली वाटते." "आईवानी वाटते." एका म्हातारीनं तर माझ्यावरून बोटं मोडली.

निघताना भिमीला एक डबा दिला. "मावशीकडून," म्हटलं. तिनं दोन्ही हातांनी घेतला.

२२ मार्च

प्रयोग संपला. साहेबांनी निकाल सांगितला. आता सगळीकडे काळजाचंच भाषण. कळवणलासुद्धा.

"आणि माप?"

"डब्यावर छापलंय ना."

"बारीक आहे, साहेब. वाचता कुठे येतं बायकांना?"

"सिस्टर, तुम्ही चमचा काढलात की बाई विचार करायला लागते — पाणी कुठून आणू, वेळ कुठून आणू. तिला विचारात पाडायचं नाही. चमचा पिशवीतच राहू द्या."

मी चमचा पिशवीत ठेवला. एवढंच केलं मी. कुणी विचारलं तर एवढंच.

१८ एप्रिल

चैत्रातली यात्रा. देवीच्या गडावर जाणाऱ्यांनी वणीचा स्टँड फुलून गेलाय. आमचा मांडव तिथेच. सकाळपासून अकरा वेळा भाषण. घसा बसला.

भिमी येऊन गेली. डबे आता सावळीराम आणतो म्हणाली. सुजाताचे गाल उतरल्यासारखे वाटले. "उन्हानं हाय," भिमीची सासू म्हणाली. मी हात लावून बघणार होते. तेवढ्यात बायकांचा नवा घोळका आला. मी भाषणाला उभी राहिले.

३ मे

सावळीरामचा निरोप. सुजाताला जुलाब. उतरतील. उन्हाळाच तसा आहे.

९ मे

उतरले नाहीत. आज तिला नाशकात दवाखान्यात आणली. मी सिन्नरहून परस्पर गेले, साडी बदलायलाही वेळ नव्हता.

पोरगी ओळखू आली नाही. डोळे खोल. टाळू बसलेली. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते! वजन जन्माला होतं त्याहून थोडंच जास्त असेल. साडेतीन महिन्यांची पोर!

डॉक्टरांनी विचारलं, "वरचं दूध?"

सासूबाई म्हणाल्या, "डब्याचं. गोजिरी."

"पातळ करून पाजलं असणार. सगळ्या तेच करतात. डबा पुरवायला." आणि कागदावर लिहीत पुढच्या खाटेकडे गेले. भिमी काही बोलली नाही.

खाली पाणी आणायला निघाले तर एका बाईनं माझा पदर धरला. "सिस्टर, माझ्या पोराला बघा ना. कवाचं हात वाकडा करतंय." मी तिथेच उभी. मला काही येत नाही हो! मला काहीच येत नाही!

११ मे

सुजाता गेली. सकाळी सव्वानऊला.

१३ मे

काल माती दिली. बाबांनी खड्ड्यात उतरून स्वतः घेतली तिला. त्रिसरण म्हणताना त्यांचा आवाज मधेच तुटला. मग सगळ्यांचाच.

भिमी रडत नाही. भिंतीकडे तोंड करून बसते. आई म्हणते, "रड गं, रडली न्हाईस तर डोकं फिरंल." नाही रडत.

मी तिच्याजवळ बसून म्हटलं, "भिमे, तुझी चूक नाही. तुला माप कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं. चार चमचे. माझ्याकडे चमचा होता, पिशवीत होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ. मग परत भिंत.

१७ मे

जेवण जात नाही.

२ जून

कामावर जाते. वेडी झाले म्हणतील, पण जाते. घरात बसले की भिमीची पाठ दिसते. ती इथेच आहे, सावळीराम न्यायला आला तर गेली नाही.

दिवसभर तोंडात एकच — चार सपाट चमचे, चार सपाट चमचे. बसमध्ये म्हणते. शेजारची बाई सरकून बसली.

काळजाचं भाषण करताना "तर —" ला थांबले की श्वासच घेता येत नाही. बायकांना वाटतं मला गहिवरून आलं. लासलगावला तशानं डबे जास्त गेले! हे कुणाला सांगू?

माप. मापच सांगितलं नाही मी. ते सांगितलं असतं तर ती आज पालथी पडायला लागली असती. एवढंच धरून आहे. नाहीतर उभीच राहू शकणार नाही.

१२ जून

साहेबांच्या टेबलावर चमचा आपटला. हो, आपटला!

म्हटलं, "माझी भाची गेली. पातळ पाजल्यानं गेली. माप सांगू नका म्हणालात ना? आता मी सांगणार. प्रत्येक गावात सांगणार. काढायचं तर काढा मला."

साहेब पांढरे पडले. खरंच पडले. उठून दार लावलं, पाण्याचा पेला पुढे केला. त्यांचा मुलगा आठ महिन्यांचा आहे म्हणाले, आणि पुढे त्यांनाच बोलता येईना. मला त्यांचा राग करायचा होता, तोही नीट करता आला नाही.

मग थोड्या वेळानं म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आत्ता जसं बोललात, तसंच बोला ना. गावात. कामाचं भाषण बायका ऐकत नाहीत, तुम्ही स्वतः बघितलंत. पण ही गोष्ट ऐकतील. एका अडाणी आईनं माप चुकवलं, तिचं बाळ गेलं. म्हणून गोजिरी सांगते — मापानंच द्या. काळीज आणि काम, दोन्ही एकत्र!"

शेवटचं वाक्य बोलताना त्यांच्या डोळ्यात चमक आली. ती त्यांनाही कळली असावी. खाली बघायला लागले.

मी हो म्हटलं. हो का म्हटलं? कारण माप तरी सांगता येईल. आणखी एक तरी सुजाता वाचेल. दुसरं काय आहे माझ्या हातात?

१९ जून

निफाड. नवं भाषण.

गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. "एक आई होती, अडाणी होती बिचारी." बायका हमसून रडल्या. मग चमचा काढला — आणि या वेळी एकही उठली नाही! सगळ्यांनी पाहिलं. एकीनं तर स्वतः करून दाखवला, सपाट.

कागदावर बायका काय सांगत होत्या — "खरं बोलते ही कंपनी." "ह्येंच्यावर भरवसा ठेवावा."

घरी येऊन ओकले.

२६ जून

मनमाड, येवला. तसंच. गोष्टीत कुठे हळू व्हायचं, कुठे डोळे पुसायचे, मला आता कळतं. काल डोळे पुसले तेव्हा डोळ्यात पाणी नव्हतं.

३ जुलै

साहेबांचं मुंबईहून पत्र. डब्यावर माप मोठ्या अक्षरात छापणार. चमच्याचं चित्रसुद्धा! गावोगाव फिरणाऱ्या गोजिरीच्या सगळ्या बायांना हेच नवं भाषण शिकवणार, आणि शिकवायला मी. "तुमच्या भाचीचं जाणं वाया गेलं नाही," असं लिहिलंय.

चारदा वाचलं. आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "चांगलं झालं." भिमी तांदूळ निवडत होती. तिलाही ऐकवलं. "कुठं कुठं बोलती तू?" तिनं विचारलं. दीड महिन्यात पहिल्यांदा काही विचारलं! मी सांगितलं, शनिवारी ओझर, सोमवारी दिंडोरी.

आज जेवले. दोन भाकरी.

९ जुलै, रविवार

काल ओझरला भिमी मागे बसली होती. कुणाला न सांगता आली होती. मला दिसलीच नाही. आज दुपारी समोर येऊन बसली.

"अडाणी कोण, ताई? चौथी झालेय मी. डब्यावरचं बारीक वाचलं. चार सपाट चमचे. एक दाना कमी घातला नाय. पानी उकळून घ्यायची. बाटली सकाळी उकळायची. मंग दिसभर बागेत, उन्हात, तीच."

"मग दवाखान्यात बोलली का नाहीस?"

"कोनी इचारलं?"

मग तीच बोलली.

"आन दूध व्हतं मला. लय व्हतं. डबा चालू केला तवा पयले पंधरा दिस छाती भरून दुखायची. बांधावर बसून मातीत पिळायची मी. पोर रडायची, तू म्हनली रडती म्हंजी पुरत नाय. तू शिकलेली. मंग आटलं."

उद्या दिंडोरी. मी म्हटलं, भिमे, माझ्याबरोबर चल. मी बोलणार नाही. तू बोल.

"मला कुठं येतं बोलाया?"

आत्ता बोललीस तेवढंच.